पद्मिनी आणि मारुती ८०० : मिस्त्रीच्या नजरेतून

जुन्या मोटारींचा शौक पूर्वी संस्थानिकांचा असे. आज फियाट पद्मिनी आणि मारुती ८०० यांनाही शौकीन गिऱ्हाईक आहे. या गाड्या नव्यासारख्या करून देण्याचा धंदा ज्या कारागीर बांधवांना करायचा आहे, त्यांनी दोघींतला फरक नीट समजून घेतला पाहिजे.

पद्मिनी ही कुर्ल्याची गाडी. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली इटलीच्या फियाट ११०० चा ‘डिलाइट’ नमुना तेथे बांधायला घेतला; १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि बरीच वर्षे गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बॉनेट उघडले की सारे डोळ्यांसमोर असते, पाना फिरवायला जागा मिळते. झिजलेला भाग लेथवर करून घेता येतो, पत्राही ठोकून सरळ होतो. गाडी वरचेवर बिघडे हे खरे. पण त्या बिघाडावरच कुर्ला आणि नागपाड्यातील कितीतरी चुली पेटत. टपके काढणारा, रंगारी, सीट शिवणारा, रेडिएटर झाळणारा, सर्वांना रोजी होती. उस्तादाच्या हाताखाली पोरगा याच गाडीवर मिस्त्री होई. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जोर पुढच्या चाकांना, वजनाने हलकी, पेट्रोलला काटकसरी. मालक खूष, गॅरेजवाला मात्र विचारात! कारण भाग दुरुस्त करण्याऐवजी खोक्यातला नवा काढून बसवण्याची रीत याच गाडीने घरोघरी नेली. पुढे २००० च्या सुमारास कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि जुन्या मिस्त्रीचा कान कमी पडू लागला. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

आता धंद्याचे बोलू. पद्मिनीचे काम वेळखाऊ आहे, मजुरी जास्त लागते, पण ते पुरे होते. भाग मिळाला नाही तर घडवता येतो. मारुतीचे काम झटपट होते, मात्र पातळ पत्र्याला खालून गंज लागलेला असेल तर नफा त्यातच जातो. इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक डबा तर कोणत्याही लेथवर होणार नाही. म्हणून मारुती घ्यायचीच तर कार्बुरेटरवाली घ्यावी, आणि १९८६ पूर्वीच्या पहिल्या आकाराची मिळाली तर सोडू नये, असे आमचे मत आहे.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी की सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी भाड्याने चालवता येत नाही. साठच्या दशकातल्या फियाट या नियमात आजच बसतात. पण त्यांत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवलेल्या पुष्कळ निघतात, तेव्हा सौदा करण्यापूर्वी इंजिन व चॅसिसचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. मारुतीची पहिली गाडी ५० वर्षांची होईल २०३३ मध्ये. तिचे मूळ दिवे, बंपर, डॅशबोर्ड अजून भंगारात किलोच्या भावाने जातात; ज्याच्याकडे जागा आहे त्याने ते आताच उचलून ठेवावेत.