कॉलेजसमोर फास्ट फूडची फ्रँचायजी टाकायचीय? आधी सुट्ट्यांचं कॅलेंडर बघा

दादरजवळ कीर्ती कॉलेजच्या गल्लीत मिळणाऱ्या वडापावचं खरं नाव आहे अशोक वडापाव. पण मुंबईत कुणालाही विचारा, तो 'कीर्ती कॉलेजचा वडापाव' म्हणूनच ओळखला जातो. कॉलेजच्या पोरांनी एखाद्या गाडीला एकदा आपलं म्हटलं की ती गाडी कॉलेजच्याच नावाने प्रसिद्ध होते, एवढी ताकद त्या गर्दीत असते. पुण्यात एफसी रोडला वैशाली-रूपालीच्या बाहेर उभं राहिलं तरी हेच दिसतं.

ही गर्दी बघून अनेक घरांत एक हिशोब सुरू होतो. वडिलांना रिटायरमेंटचे पैसे मिळालेले असतात, नाहीतर गावाकडची थोडी जमीन विकलेली असते. पोरगं डिग्री घेऊन दोन वर्षं घरी बसलेलं असतं. कॉलेजसमोर एक गाळा रिकामा दिसतो आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर रील येते, '१५ लाखांत फ्रँचायजी, दोन वर्षांच्या आत पैसे वसूल'. समोर पाच हजार पोरं शिकतायत, त्यातली रोज दीडशे आली तरी झालंच की!

हा हिशोब कागदावर चुकीचा नाही. तो फक्त वर्षाचे बाराही महिने कॉलेज चालू असतं असं धरून केलेला असतो.

आधी एक गोष्ट, काही फ्रँचायजी मिळतच नाहीत

बहुतेकांच्या डोक्यात पहिली नावं येतात ती डॉमिनोज, मॅकडोनाल्ड्स आणि केएफसीची. भारतात डॉमिनोज ज्युबिलंट फूडवर्क्स ही कंपनी चालवते. पश्चिम आणि दक्षिण भारतातलं मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफकडे आहे. केएफसी आणि पिझ्झा हटची दुकानं देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स या मोठ्या कंपन्यांनी उभी केली. म्हणजे फ्रँचायजी आधीच दिली गेलीय, तीही शेअर बाजारात लिस्ट झालेल्या कंपन्यांना. वीस-पंचवीस लाख घेऊन गेलेल्या माणसाला इथे दुकान मिळत नाही.

फसवणूक करणाऱ्यांना मात्र हे नीट माहीत असतं. हुबेहूब कंपनीसारखी वेबसाईट बनवायची, 'फ्रँचायजीसाठी अर्ज करा' असा फॉर्म ठेवायचा आणि मग नोंदणी फी, एनओसी, डिपॉझिट अशा नावांनी टप्प्याटप्प्याने पैसे काढायचे, हा प्रकार देशभर झालाय. कंपनीच्या खात्याऐवजी कुणा व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात पैसे मागितले, की तिथेच थांबायचं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा.

सामान्य माणसाला जी फ्रँचायजी खरंच मिळते ती बहुतेक वेळा देशी ब्रँडची असते. वडापाव, बर्गर, मोमो, चहा, शॉर्मा, सँडविच वगैरे. यातलं मुंबईतलं जुनं नाव जम्बोकिंग. २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ सुरू झालेल्या या ब्रँडने पुढेही लोकल स्टेशनलगतच्या छोट्या दुकानांवर भर दिला. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण स्टेशनला मे महिन्याची सुट्टी नसते.

कंपनी कमावते विक्रीवर, दुकानदार कमावतो उरलेल्यावर

फ्रँचायजी घेणारा आधी एकरकमी फी भरतो. मग फर्निचर, फ्रायर, डीप फ्रीजर, बिलिंगचं मशीन असा सेटअप, तोही अनेकदा कंपनीने ठरवलेल्या व्हेंडरकडूनच. दुकान सुरू झालं की दर महिन्याला रॉयल्टी. ती विक्रीवर लागते, नफ्यावर नाही. दुकान तोट्यात असलं तरी कंपनीला तिची टक्केवारी मिळतेच. वर पॅटी, सॉस, पाव, अगदी छापील कागदी पिशवीसुद्धा कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि त्या मालातही कंपनीचं मार्जिन असू शकतं. 'आमच्याकडे झिरो रॉयल्टी' म्हणणाऱ्या ब्रँडच्या मालाचे भाव म्हणूनच आधी तपासायचे. त्यांचं पोट मग कशावर चालतं?

आता एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, पण चाल खरी आहे.

समजा एकूण गुंतवणूक १५ लाख. सरासरी बिल १२० रुपयांचं, जीएसटी सोडून. महिन्यात २५ दिवस दुकान चालतं. कच्चा माल आणि पॅकिंग विक्रीच्या ४२ टक्के, रॉयल्टी ६ टक्के, मार्केटिंग फी २ टक्के. गाळ्याचं भाडं ६० हजार, चार पोरांचा पगार ६० हजार, वीजबिल १८ हजार.

यात कराचा एक खड्डा आहे, जो रीलमध्ये कधीच दिसत नाही. साध्या रेस्टॉरंटला ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यावा लागतो, पण त्या बदल्यात इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे रॉयल्टीवर लागणारा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. भाड्यावरचाही नाही. जागामालकाची जीएसटी नोंदणी नसली, तरी ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक गाळ्याच्या भाड्यावरचा कर नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असलेल्या भाडेकरूलाच भरावा लागतो. त्यामुळे ६० हजारांचं भाडं प्रत्यक्षात ७० हजार ८०० रुपयांना पडतं. रॉयल्टी आणि मार्केटिंग मिळून ८ टक्के दिसतात, पण जातात ९.४४ टक्के.

आता रोज १०० बिलं झाली, तर महिन्याची विक्री ३ लाख. सगळं वजा केलं की दुकान तीन हजारांच्या आसपास तोट्यात. हो, दिवसाला शंभर गिऱ्हाइकं येऊनही तोट्यात. १०२-१०३ बिलांवर कुठे बरोबरी होते.

रोज १५० बिलं झाली, तर चित्र एकदम बदलतं. महिन्याला जवळपास ७० हजार उरतात. हे बाराही महिने चाललं तर वर्षाला ८ लाख ३६ हजार, म्हणजे २२ महिन्यांत १५ लाख वसूल. रीलमधलं 'दोन वर्षांच्या आत' हे असं येतं. खोटं काहीच नाही त्यात!

फक्त दिवाळीची सुट्टी त्यात नाही. परीक्षेआधीची प्रिपरेशन लिव्ह नाही. परीक्षा चालू असतानाचे दिवस नाहीत, तेव्हा पोरं पेपर देऊन थेट घरी जातात. उन्हाळ्याची सुट्टी नाही. आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिल्या वर्षाची पोरं कॅम्पसवर उशिराच येतात, तेही नाही. हे सगळं मिळून वर्षातले चार महिने मंदीचे धरले आणि त्या काळात रोज ४० बिलं झाली, तर दर महिन्याला साधारण ९० हजारांचा तोटा होतो. भाडं, पगार, वीज काही सुट्टीवर जात नाही.

आठ चांगले महिने आणि चार वाईट महिने एकत्र केले की वर्षाअखेरीस हातात राहतात साधारण १ लाख ९५ हजार. महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे १५ लाख घातलेल्या मालकाची कमाई आणि त्यानेच १५ हजारांवर ठेवलेल्या काउंटरवरच्या पोराची कमाई यात हजारभराचा फरक. कर्ज काढलं असेल तर हप्ता अजून यातून जायचाय. या वेगाने गुंतवणूक वसूल व्हायला साडेसात वर्षांहून जास्त लागतात आणि फ्रँचायजीचा करार बऱ्याचदा असतो पाच वर्षांचा.

मग ऑनलाइन डिलिव्हरीने भर निघेल का? थोडी निघते. पण डिलिव्हरी अॅपचं कमिशन ढोबळमानाने २० ते ३० टक्क्यांच्या घरात असतं. आपल्या उदाहरणात शंभर रुपयांच्या विक्रीतून साधारण साडेअठ्ठेचाळीस रुपये उरत होते, त्यातले पंचवीस अॅपला गेले की राहतात तेवीस. त्यात भाडं भागवायचं.

पाच हजार पोरं कोणती, हा खरा प्रश्न

कॉलेजच्या वेबसाईटवरचा विद्यार्थ्यांचा आकडा आणि गेटबाहेर पडणारी गर्दी यांचा फारसा संबंध नसतो. अकरावी-बारावीची पोरं सकाळी येतात आणि दुपारी क्लासला पळतात. त्यांच्या खिशात वीस-तीस रुपये असतात. इंजिनिअरिंग, मेडिकल किंवा मॅनेजमेंटच्या कॅम्पसला होस्टेल आणि आजूबाजूला पीजी असतील, तर गिऱ्हाईक रात्री अकरापर्यंत आणि रविवारीही मिळतं. मेसच्या जेवणाला कंटाळलेली ही जमात फास्ट फूडवाल्यांचा खरा आधार आहे. पुण्यात धनकवडी, कोथरूड, विमाननगर अशा भागांत कॉलेजसोबत वस्ती आणि ऑफिसंही आहेत, त्यामुळे सुट्टीत दुकान अगदी ओस पडत नाही. शहराबाहेर माळावर असलेल्या एकट्या कॅम्पसला ही सोय नाही. २०२० मध्ये कोरोनात कॉलेजं बंद झाली ती राज्यात प्रत्यक्ष वर्ग नीट सुरू व्हायला बराच काळ गेला. निव्वळ कॅम्पसवर अवलंबून असलेल्या दुकानांसाठी तो काळ कसा गेला असेल, वेगळं सांगायला नको.

स्पर्धा दुसऱ्या ब्रँडशी असते असंही नाही. ती असते गेटवरच्या गाडीशी. तिला रॉयल्टी नाही, गाळ्याचं भाडं नाही आणि मे महिन्यात मालक गावी जाऊन आंबे खाऊन येतो. शिवाय तो उधार देतो, पोरांना नावाने हाक मारतो. कंपनीने छापलेल्या मेन्यूकार्डात हे बसत नाही.

कॅम्पसच्या आत जागा मिळत असेल तर भाड्याचं ओझं कमी होऊ शकतं, पण तिथे वेगळी अडचण आहे. यूजीसीने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॉलेजांच्या आवारात जंक फूड नको, अशा सूचना विद्यापीठांना दिल्या होत्या. अंमलबजावणी कॉलेजनुसार बदलते, पण प्राचार्य बदलले की नियम आठवू शकतात. शेजारी शाळा असेल तर तेही बघावं लागतं, कारण जास्त मीठ-साखर-चरबीच्या पदार्थांवर शाळेपासून ५० मीटरच्या आत निर्बंध आहेत.

दोन करार, दोन वेगळ्या मुदती

महाराष्ट्रात गाळा सहसा लिव्ह अँड लायसन्सवर घेतला जातो. तो अनेकदा ११ महिन्यांचा असतो, कधी तीन वर्षांचा. फ्रँचायजीचा करार पाच वर्षांचा. धंदा चालायला लागल्यावर मालकाने भाडं वाढवलं किंवा गाळा मागितला, तर अंगावर येतं ते सगळं फर्निचर आणि दुसऱ्या जागी पुन्हा करायचा सेटअप. त्यामुळे जागेची मुदत आणि ब्रँडची मुदत जुळवून घेणं, मधल्या काळातली भाडेवाढ आधीच लिहून घेणं आणि करार नोंदवणं हे सही करण्याआधीचं काम आहे.

ब्रँडच्या करारात तीन कलमं शोधायची. किती अंतरात कंपनी दुसरं दुकान देणार नाही, दुकान मध्येच बंद केलं तर दंड किती, आणि दुकान दुसऱ्याला विकता येतं का. अंतराचं कलम नसेल तर दुकान चालायला लागल्यावर चार गाळे सोडून त्याच ब्रँडचा दुसरा बोर्ड लागू शकतो.

अमेरिकेत फ्रँचायजी विकणाऱ्या कंपनीला सही आणि पैशांच्या किमान १४ दिवस आधी एक माहितीपत्र द्यावंच लागतं. त्यात किती दुकानं बंद पडली, कंपनीवर कोणते खटले आहेत आणि जुन्या फ्रँचायजीधारकांचे संपर्क असं सगळं असतं. भारतात फ्रँचायजीसाठी असा वेगळा कायदा नाही, कामकाज मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. म्हणून ही माहिती इथे स्वतःच मागावी लागते. ब्रँडचा ट्रेडमार्क सरकारी वेबसाईटवर मोफत तपासता येतो. कंपनी दाखवते ती चालणारी दुकानं असतात. चालू असलेल्या दोन-तीन दुकानदारांना मे महिन्याची विक्री विचारायची आणि जे दुकान बंद झालंय त्याचा मालक शोधून त्याच्यासोबत एक चहा घ्यायचा. कंपनी त्याचा नंबर द्यायला तयार नसेल, तर शेजारचा पानवाला देतो.