मैदानावर टक्के मोजत नाहीत

जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत, अपघाताने पाय अधू झालेले पोर बसल्या जागेवरून गोळा लांब फेकते, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो ‘सर्टिफिकेट किती टक्क्यांचे?’ हा. सवलतीसाठी, नोकरीतल्या आरक्षणासाठी तो बरोबरच आहे. 2016च्या कायद्याने त्यासाठी 40 टक्क्यांची अट घातली आहे. पॅरा स्पर्धेतला वर्ग मात्र या आकड्यावरून ठरत नाही. तिथे पाहतात ते एवढेच, की हा खेळ खेळताना या शरीराला नेमकी किती अडचण येते.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव यांचे उदाहरण घेऊ. 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिलसोबत त्या भारताच्या ध्वजवाहक होत्या. त्यांचा वर्ग एफ34. एफ म्हणजे फेकीचे प्रकार. तिशीतले आकडे मेंदूकडून स्नायूंवर येणारा ताबा बिघडलेल्यांचे. त्यातले 31 ते 34 बसून फेकतात. आकडा जितका लहान, तितकी अडचण जास्त.

हे तपासतात कसे? पथकात सहसा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असतो आणि खेळाचा जाणकार असतो. ते खेळाडूचा गुडघा आधी सावकाश वाकवतात. तो सहज वाकतो. मग तोच झटक्यात वाकवतात आणि मध्येच स्नायू अडतो. वेग वाढला की वाढणारा हा ताठरपणा मेंदूशी निगडित असतो. सांधाच आखडलेला असेल तर तो सावकाशही वाकत नाही. मणक्याला इजा असेल तर ताकद 0 ते 5 अशी मोजतात. पाय स्वतःच्या वजनासकट पूर्ण उचलला, पण वरून थोडे दाबताच खाली गेला, तर 3. मग फेक करून दाखवायची आणि पहिल्या स्पर्धेतही पथकाची नजर असते. मला ही पद्धत फार न्याय्य वाटते, कारण ती आजाराच्या नावावर थांबत नाही.

पूर्वी ती तिथेच थांबे. मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकले, त्या काळात वर्ग मुख्यतः वैद्यकीय निदानावरून ठरत. आता सांगलीचे सचिन खिलारी डाव्या हाताच्या व्यंगामुळे एफ46 मध्ये उभ्याने गोळा फेकतात. पॅरिसमध्ये त्यांनी 16.32 मीटर फेकून रौप्य मिळवले.

वर्ग चुकला तर काय होते, हे टोकियो पॅरालिम्पिकमध्ये दिसले. विनोद कुमार यांनी एफ52 थाळीफेकीत 19.91 मीटर फेकून कांस्य जिंकले. आठवडाभर आधीच त्यांना तो वर्ग मिळाला होता. हरकत आली, फेरतपासणीत पथकाला वर्गच देता आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी पदक गेले. हा घाव खेळाडूच्या वाट्याला येऊ नये, म्हणून तपासणी गावपातळीवरच समजून घ्यायला हवी.

शारीरिक, दृष्टीचे आणि बौद्धिक मिळून दहाच प्रकार पॅरालिम्पिकमध्ये ग्राह्य आहेत. कर्णबधिरांची ऑलिम्पिक स्पर्धा वेगळी भरते. वाढत्या वयातल्या मुलाचा वर्ग सहसा कायमचा ठरवत नाहीत, पुन्हा तपासतात. म्हणून आईबापांनी एक्स-रे, एमआरआय, ऑपरेशनचे जुने कागद फेकू नयेत. निदान सांगणारे कागद नसतील, तर तपासणी पुढे सरकतच नाही.