अंगणातला रेडिएटर

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची जीप तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून, साधारण 60 हजार रुपयांत त्यांनी मुलासाठी छोटी गाडी तयार केली. दुचाकीसारखी किक मारली की सुरू! डिसेंबर 2021 मध्ये तिचा व्हिडिओ गाजला. अशी गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावर अडवतील, असं आनंद महिंद्रांनीच लिहिलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहारांना ती मिळालीसुद्धा.

या बातमीनं आमच्या घरात वेगळंच बीज पडलं. माझी पुतणी गारगोटीहून शिकायला आमच्याकडे, कसबा बावड्यात राहते. मेकॅनिकलला आहे. कॉलेजातल्या पोरांनी मिळून एक बसकी, उघड्या चाकांची रेसची गाडी बांधायला घेतली होती. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ नावाची स्पर्धा होते, तिच्यासाठी. देशभरातली अभियांत्रिकीची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन तिथे जातात.

कामं वाटली गेली. चासी, स्टिअरिंग, ब्रेक मुलांनी घेतले. हिच्या वाट्याला आलं कूलिंग. “पाण्याचं काम तू बघ,” असं एकानं हसत सांगितलं म्हणे. पाणी भरणं बायकांकडे, ही वाटणी इंजिनापर्यंत पोहोचलेली बघून मला हसू आलं नाही. ती मात्र एवढंच म्हणाली, “बघतो मी काकू.” (आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

कॉलेजचं वर्कशॉप संध्याकाळी बंद व्हायचं, म्हणून गाडीचा सांगाडा आमच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडखाली आला. त्यात अपघातातल्या एका मोटारसायकलचं, केटीएम 390 चं इंजिन. हे इंजिन पाण्यानं थंड होणारं. साध्या दुचाकीच्या इंजिनाला बाहेरून पातळ पट्ट्या असतात, वारा लागला की ते निवतं. इथे इंजिनाच्या भिंतींतून पाणी फिरतं, तापतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्यानं निवतं आणि पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो. मधे थर्मोस्टॅट नावाची झडप. तिच्यात मेण असतं. पाणी 80-90 अंशांच्या आसपास गेलं की ते मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. मेणावर चालणारा हा दरवान मला फार आवडला.

मोटारसायकलवर रेडिएटर इंजिनाच्या पुढ्यातच असतो. या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि रेडिएटर कुशीला, त्यामुळे सगळे पाइप नव्यानं जोडायचे. ॲल्युमिनियमच्या नळ्या उद्यमनगरातून आर्गन वेल्डिंग करून आल्या. नळीच्या तोंडाला बाहेरून थोडी कड उठवून घ्यावी लागते, नाहीतर क्लिप कितीही आवळा, दाब आला की रबरी होस सटकतो. हे शोधून काढायला हिचे दोन रविवार गेले.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा दहा मिनिटांत काटा 110 वर. वरचा होस हात लावू देईना आणि खालचा गारच! इंजिन बंद केलं, आणि तिच्या टीममधल्या एका पोरानं फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं.

मैत्रिणींनो, रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. स्प्रिंगनं आत दाब धरून ठेवते. कुकरसारखाच सुमारे एक बार दाब आत असला की पाणी 100 ऐवजी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी ते तापलेलं पाणी वाफ होऊन उसळतं. त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

घरातून लगेच हळद आली, टूथपेस्ट आली. मी दोन्ही परत पाठवली. आरोग्य शिबिरांत मी स्वतः इतक्यांदा सांगितलंय: अंगठी, घड्याळ, बांगडी काढा, नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं हात धरा, बर्फ नको, काही चोपडायचं नको, स्वच्छ कापडानं सैल झाकून दवाखाना गाठा. वीस मिनिटं फार मोठी असतात. पोरगं दोनदा हात काढायला निघालं, मी दोनदा धरला. डाग राहिला, पण बोटं नीट चालतात.

घाटात गाडी तापते तेव्हा हेच लक्षात ठेवा. कडेला थांबा, इंजिन बंद करा, अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नका. ‘पटकन पाणी ओततो’ म्हणणाऱ्या नवऱ्याला आणि दिराला थेट नाही म्हणा. आणखी एक, गाडीत घालायचा हिरवा किंवा गुलाबी कूलंट बहुधा ग्लायकॉलचा असतो. चवीला गोड आणि विषारी. उरलेला डबा पोरांच्या, कुत्र्यामांजरांच्या हाती लागेल असा ठेवू नका. रेसमध्ये तर तो चालतच नाही, तिथे नियमानं साधं पाणीच. सांडला तर ट्रॅक निसरडा होतो ना! उतू जाणारं पाणीही खाली सांडायचं नाही, त्यासाठी किमान 900 मिलीची बाटली जोडावी लागते.

गाडी का तापली, ते सांगितलं शेजारच्या आजोबांनी. जन्मभर पंचगंगेवरच्या शेतीपंपांची कामं केलेली. पाइपावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “हवा धरलीया.” गाडीच्या नळीवरून जाताना पाइपाला एका जागी उंटासारखं मदार आलं होतं. हवा त्या उंचवट्यावर जाऊन बसली आणि पाणी अडलं. मग पुतणीनं छोटी टाकी करून सगळ्यांत उंच जागी बसवली, झाकण तिच्यावर घेतलं आणि मदारावरून टाकीपर्यंत बारीक नळी काढली, हवा निघायला. रेडिएटरच्या कडेच्या फटी स्पंजनं बुजवल्या, कारण वारा सोपी वाट सापडली की रेडिएटरमधून जातच नाही, बाजूनं निघून जातो. काटा 92 वर थांबला. त्या रात्री पोरांनी आमच्याकडे झुणका-भाकरीचा फडशा पाडला.

खरी परीक्षा मात्र कोइमतूरला होती. शेवटची शर्यत सुमारे 22 किलोमीटरची असते. निम्म्यावर चालक बदलायचा, त्यासाठी तीन मिनिटं, आणि तेवढ्यात इंजिन बंद. पंप इंजिनावरच चालतो, म्हणजे तोही बंद. पाणी जागच्या जागी उभं आणि इंजिनाची सगळी धग त्यात उतरत राहते. इतका वेळ बरी पळालेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही, ती इथे.

त्या दिवशी मी बचत गटाच्या बैठकीत होते, कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब चालू होता. फोन आला, “काकू, 104 झालंय, आता स्टार्ट मारतायत.” मी वही मिटून बसले. पहिल्यांदा झालं नाही. दुसऱ्यांदा आवाज आला, फोनवरच ऐकला. पुढे चार फेऱ्या उरल्या असताना साखळी तुटली आणि गाडी थांबली. ते काम तिचं नव्हतं, पण रडली तीच.

यंदा नवी टीम आहे. कूलिंग मागून घेणाऱ्या दोन मुली आल्यात आणि इंजिन बंद झालं तरी चालू राहील असा बॅटरीवरचा पंप बसवायचा घाट घातलाय. त्यासाठी आमचं शेड पुन्हा गेलं. आमचे हे स्कूटर गल्लीतच लावतात.