सेन्सॉरने जपलेली पत्रे

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या लष्करी दप्तरांमध्ये, एक विलक्षण संग्रह आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढणाऱ्या हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली आणि घरच्यांनी त्यांना पाठवलेली पत्रे त्यात वाचावयास मिळतात. नेमके बोलायचे तर मूळ पत्रे नव्हेत. त्यांतील निवडक उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे. हे उतारे कोणा इतिहासप्रेमी गृहस्थाने जमवलेले नाहीत. ते सेन्सॉरने जमवले.

1914 च्या सप्टेंबरअखेरीस हिंदी फौजा मार्सेलिस बंदरात उतरू लागल्या. राजद्रोही वाङ्मय पलटणीत शिरेल या धास्तीने हिंदी टपालासाठी स्वतंत्र सेन्सॉर नेमण्यात आला. ई. बी. हॉवेल हे सिव्हिल सर्व्हिसमधील गृहस्थ त्याचे प्रमुख झाले. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, पश्तू अशा भाषांतील पत्रे वाचायची, त्यांतून फौजेची मनःस्थिती जोखायची, उतारे इंग्रजीत उतरवून अहवालाला जोडायचे आणि वरिष्ठांकडे धाडायचे, असा हा उद्योग होता. बहुतेक मूळ पत्रे मग पुढे रवाना होत आणि पंजाबातील वा गढवालमधील एखाद्या घरी पोचत. तेथे ती वाचून घेतली जात, कारण घरात वाचता येणारे कोणी असतेच असे नाही. आणि पुढे वाळवी, पाऊस, चूल यांपैकी कोणाच्या तरी वाट्याला जात. सरकारी संशयाने टिपलेले तेवढे उरले. इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी 1999 मध्ये त्यांतील सहाशेहून अधिक उतारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा ते सामान्य वाचकापर्यंत पोचले.

आपली पत्रे वाचली जातात हे शिपायांना पुरते ठाऊक होते. म्हणून काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा त्यांनी योजली. काळी मिरी संपत आली असे कोणी लिहिले की घरच्यांनी समजून घ्यायचे. धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, असे आडून सुचवणारी पत्रे आहेत. फ्रेंच बायका शेती आणि हिशेब दोन्ही सांभाळतात हे पाहून, आपल्या मुलींना शाळेत घाला, असे घरी कळवणारे शिपाईही आहेत. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आपण सुधारकांचे ग्रंथ वाचतो. खंदकातून आलेली ही साक्ष सहसा वाचत नाही.

मराठी वाचक विचारील, यात आमची माणसे कोठे आहेत? मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. कुट येथे वेढ्यात सापडलेली सहावी पूना डिव्हिजन 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेली, तेव्हा तिच्यात मराठा शिपाई मोठ्या संख्येने होते. फ्रान्समधल्या सेन्सॉरच्या टेबलावर त्यांची पत्रे येण्याचे कारण नव्हते. ती शोधायची तर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतच शोधावी लागतील.

घरातून शोधण्याचा हा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून खासगी दप्तरे धुंडाळली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापली. मात्र ती दप्तरे बहुधा सरदार, कारकून, सावकार यांच्या घरची, लिहिणाऱ्यांची. ज्याने पलटणीतल्या लेखनिकाला सांगून पत्र लिहवून घेतले, त्याच्या घरी दप्तर नसते. पत्र्याची पेटी असते.

अशी एक पेटी मी पाहिली आहे, आणि तिचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. 1986 मध्ये उत्तरेतील एका डोंगराळ जिल्ह्यात माझी पहिली नेमणूक होती. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ जमिनीच्या वारसाहक्काच्या वादात पुरावा म्हणून वडिलांची दोन पत्रे घेऊन आले. वडील 1915 मध्ये फ्रान्समध्ये कामी आले होते. एका पत्रात म्हैस विकू नका, सावकाराला इतके द्या, असा मजकूर होता. दुसऱ्यात विचारले होते, मुलाचे नाव काय ठेवले ते कळवा. “साहेब, तो मुलगा मी,” ते म्हणाले. मी म्हटले, “बाबा, मूळ कागदच जोडा, म्हणजे कोणी शंका घेणार नाही.” त्यांनी जोडले. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

दहा वर्षांनी वरच्या पदावर त्याच जिल्ह्यात गेलो. त्यांचा नातू पत्रे परत मागायला आला. आजोबा गेले होते. शोध घेतला तेव्हा कळले की ती फाइल मुदत संपलेल्या वर्गात मोडत होती आणि रेकॉर्डरूम मोकळी करण्याच्या मोहिमेत नष्ट झाली होती. मोहीम मी रुजू झाल्यावरच निघाली होती. कित्येक पाने लांब यादीवर, एकही नोंद न वाचता, मीच सही केली होती. कार्यालयाच्या शिरस्त्याप्रमाणे ती यादी कायम जपायची होती. ती होती. नातवाला मी ती दाखवली. दुसरे दाखवण्याजोगे काही नव्हते.

नियमाविरुद्ध त्यात काही घडले नाही, हेच मला आज अधिक टोचते. 1993 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम सरकारी कागदांसाठी आहे. खासगी पत्रांविषयी त्याच्या अकराव्या कलमात एवढेच म्हटले आहे की, ऐतिहासिक वा राष्ट्रीय महत्त्वाचा अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागार देणगी, खरेदी किंवा अन्य मार्गाने स्वीकारू शकेल. ‘शकेल’ या क्रियापदाचे वजन ज्याने सरकारात नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. शोध घेण्याचे कर्तव्य त्यातून कोणावरच येत नाही. 1972 चा पुरावस्तू कायदा 75 वर्षांहून जुन्या, मोलाच्या कागदांना परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ देत नाही. देशातच ते कुजले तर त्याची हरकत नाही.

नाव मोठे असले की राज्य जागे होते. गांधीजी आणि हर्मन कॅलनबाख यांच्या पत्रव्यवहारासह कॅलनबाख यांचे कागद 2012 मध्ये लंडनमध्ये लिलावाला निघाले, तेव्हा भारत सरकारने सुमारे सात लाख पौंड मोजून ते आधीच विकत घेतले. ते योग्यच झाले. नेहरूंच्या खासगी कागदांच्या 51 पेट्या 2008 मध्ये तीन मूर्ती भवनातून कुटुंबाकडे परत गेल्या, त्यावरून अलीकडे मोठा वाद झाला. त्यात कोणाची बाजू खरी हे मी येथे ठरवीत नाही. माझा मुद्दा दानपत्राचा आहे. कागद दिले म्हणजे मालकी दिली की केवळ सांभाळायला ठेवले, मजकूर किती वर्षांनी खुला करायचा, प्रत कोणी घ्यायची, हे सुरुवातीलाच लिहून घेतले नाही तर पन्नास वर्षांनी वकिलांना काम मिळते. शिवाय घरगुती पत्रात जिवंत माणसांची अब्रू गुंतलेली असते. कुटुंबे पेटी उघडायला कचरतात ती केवळ अज्ञानापोटी नव्हे.

सामान्य घरांसाठी एवढा मोठा व्याप लागणार नाही. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी तहसील कार्यालयांना स्कॅनर मिळालेले आहेत. वारसा, निवृत्तिवेतन, जमीन अशा प्रकरणांत लोक आजही जुनी पत्रे पुरावा म्हणून आणतात. त्यांची प्रत करून मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावा, आणि कुटुंबाची लेखी संमती असेल तर एक प्रत राज्य अभिलेखागाराकडे जावी, एवढे एक परिपत्रक जिल्हाधिकारी उद्या काढू शकेल. आणि नष्ट करावयाच्या फाइलींच्या यादीत ‘पक्षकाराचे मूळ कागद आहेत काय’ असा एक रकाना वाढवावा. 1996 मध्ये माझ्यासमोर आलेल्या यादीत तो नव्हता.