सा. न. वि. वि. आणि युरेनसची चित्रे

२०२६ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ हे यान पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस अंतरावर पोहोचणार, हे वृत्त वाचकांच्या दृष्टीखालून गेलेच असेल. म्हणून त्या अंतराचे कोट्यवधी किलोमीटर येथे पुन्हा मोजीत नाही. त्या निमित्ताने मला सांगावयाचे आहे ते त्याच्या जोडीच्या यानाविषयी, आणि तेही त्याच्या वेगाविषयी नव्हे, तर त्याने शब्द किती जपून खर्चिले याविषयी.

२४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर-२ युरेनसजवळून गेले, तेव्हा गुरूपाशी सेकंदास १,१५,२०० बिट धाडणाऱ्या त्या यानाला अंतर वाढल्यामुळे ३०,००० बिटही धाडणे शक्य उरले नव्हते. आठशे ओळी, दर ओळीत आठशे ठिपके आणि दर ठिपक्याच्या उजेडास आठ बिट, असा हिशेब मांडला म्हणजे एकेका चित्राचे ५१,२०,००० बिट होतात. ग्रहाच्या निकट सान्निध्याचा अवधी अवघ्या काही तासांचा, आणि परतून येण्याचा तर प्रश्नच नाही. १९७७ मध्ये निघालेल्या यानावर नवे यंत्र बसविणे अशक्य होते; तेव्हा अभियंत्यांनी त्यावरील दोन माहिती-संगणकांपैकी राखीव संगणकाला पृथ्वीवरूनच नवी आज्ञावली धाडली आणि ठिपक्याचा पूर्ण उजेड न कळविता मागल्या ठिपक्याशी असलेला फरक तेवढा कळविण्याचे काम त्याला लावून दिले. एवढ्याने चित्रामागचा सुमारे साठ टक्के भार उतरला.

या विद्येला तंत्रज्ञ ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ म्हणतात. आपल्या जुन्या दफ्तरांतला ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ हा शब्दप्रयोग मला त्याहून नेमका वाटतो, कारण येथे आटोपशीरपणा हा प्रवासापुरता असतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर मूळ लेख काना-मात्रेचाही फेर न होता पुन्हा उभा राहतो. पत्रारंभी ‘सा. न. वि. वि.’ लिहिणाऱ्याला ठाऊक असे की वाचणारा ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे संपूर्ण वाचील. जे वारंवार येते त्याला चार अक्षरे, आणि जे क्वचित येते, उदाहरणार्थ कोणाच्या आजाराची वार्ता, ते सविस्तर. गावाचे नाव एकदा लिहून पुढे ‘मौजे मजकूर’ म्हणणारा कारकूनही हेच करीत होता. मागे येऊन गेलेल्या मजकुराकडे नुसते बोट दाखविण्याची ही रीत लेम्पेल आणि झिव्ह यांनी गणिताच्या भाषेत मांडली ती १९७७ मध्येच, म्हणजे व्हॉयेजर निघाले त्याच वर्षी.

परंतु कारकुनापाशी मागली पाने चाळावयास दफ्तर असते आणि उसंतही असते. क्षणोक्षणी मापे धाडणाऱ्या यंत्राला ती चैन नाही. माप आले की ते तत्काळ रवाना व्हावयास हवे, आणि स्मृती तर मूठभर. या अडचणीवर जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील रॉबर्ट राइस यांनी जो उपाय योजिला, ज्याचा प्रारंभ प्लॉन्ट यांच्यासह लिहिलेल्या १९७१ च्या निबंधात आहे, तो मला त्याच्या साधेपणामुळे अत्यंत मोहक वाटतो. फरक बहुधा लहान असतात; म्हणून शून्याला एक बिट, एकाला दोन, दोनाला तीन, असे संकेत द्यावे; फरक मोठे होऊ लागले तर प्रत्येक संख्येचे शेवटचे काही बिट जसेच्या तसे ठेवून उरलेल्या भागालाच हा नियम लावावा. शेवटचे किती बिट अलग काढावे, हे आगाऊ ठरवावयाचे नाही. आठ किंवा सोळा मापांचा एकेक गठ्ठा घेऊन निरनिराळे पर्याय त्यावर अजमावावे, सर्वांत आखूड ठरेल तो पत्करावा, आणि कोणता पत्करला याची खूण गठ्ठ्याच्या शिरोभागी लिहावी. अंतराळसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने १९९७ मध्ये याच पद्धतीला प्रमाणाचा दर्जा दिला.

हिला जोखीमही आहे. फरकावर फरक रचलेले असल्यामुळे वाटेत एक बिट बिघडला की त्या ओळीतील पुढचे सर्व ठिपके बिघडतात. यास्तव व्हॉयेजरवर संक्षेपाच्या जोडीने रीड-सॉलोमन ही दोषनिवारक संकेतपद्धती सुरू करण्यात आली, आणि लाखात पाच बिटांची चूक दहा लाखांत एकावर आली. काटकसरीने वाचविलेल्या जागेपैकी काही जागा अशी खबरदारीवर खर्च करावी लागते, आणि तो खर्च कोणी व्यर्थ समजू नये.

अलीकडे कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत मापांची गर्दी झाली म्हणून ‘विशेष काही नाही’ अशी मापे मार्गातच गाळून टाकण्याकडे ओढा दिसतो, आणि त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. कारण विशेष काय होते हे पुष्कळदा अपघात घडून गेल्यावर, मागली मापे तपासताना कळते, आणि गाळलेले माप तेव्हा कोणालाच रुजू करता येत नाही. सर्वच संदेश आखूड करील अशी बरहुकूम पद्धत गणिताने असंभव ठरविली आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण राइस यांच्या पद्धतीत त्याचीही तजवीज आहे: मापे अकस्मात इतकी बेबंद झाली की कोणताच संकेत परवडेना, तर तो गठ्ठा मुळीच न आखडता संपूर्ण धाडला जातो, आणि त्यापायी जो काय अधिक खर्च होतो तो शिरोभागीच्या त्या चार-दोन बिटांच्या खुणेचा.