भूदृश्य छायाचित्रण व व्यापारी वनरोपण
भूप्रदेशाच्या छायाचित्रांद्वारे एकजातीय वृक्षलागवडीची चिकित्सा करण्याची पद्धती. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार १ हेक्टर वा अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता किमान १० टक्के असल्यास, वृक्षांची जाती कोणतीही असो, ते वनाच्छादन गणले जाते. त्यामुळे नैसर्गिक वन व लागवड यांतील भेद आकड्यांत लोपतो. तो दाखविणे हे या छायाचित्रणाचे कार्य होय.

अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट अ‍ॅडम्स (१९३७– ) यांनी ‘टर्निंग बॅक’ (२००५) या ग्रंथात अमेरिकेच्या वायव्य भागातील सरसकट वृक्षतोडीची दृश्ये संयत शैलीत मांडली. महाराष्ट्रात १९७४ मध्ये वन विकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र वने तोडून तेथे साग लावणे हा त्याच्या कार्याचा प्रमुख भाग होता. पुढे सामाजिक वनीकरणात निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ व गिरिपुष्प (उंदीरमारी) या विदेशी जातींचा प्रसार झाला.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. येथे सह्याद्रीच्या माथ्यावर निमसदाहरित वने व आहुपे येथल्यासारख्या देवराया आहेत. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यातील शेकरू या मोठ्या खारीस झाडावरून झाडावर जाण्यासाठी सलग वृक्षछत्र लागते.

ऋतूची निवड येथे निर्णायक ठरते. पावसाळ्यात सर्वच उतार हिरवे दिसतात. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र हिरवी राहून दुरून वनाचा आभास निर्माण करतात. म्हणून एकाच ठिकाणाहून, ठराविक ऋतूत, अनेक वर्षे चित्रे घ्यावी लागतात. त्यांस वनाच्या अंतर्भागातील चित्रांची जोड हवी. देवराईत उंच वृक्ष, मधला थर, वेली, झुडुपे व पालापाचोळा असे थर दिसतात. लागवडीत समवयस्क खोडांच्या सरळ ओळी दिसतात.

छायाचित्रावरून सर्व जाती ओळखता येत नाहीत, तसेच वनाचा उपयोगही कळत नाही. या भागातील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरडा गोळा करून रोख उत्पन्न मिळते. हिरड्याच्या जागी निलगिरी आल्यास दुरून घेतलेल्या चित्रातील हिरवेपणा टिकतो, परंतु हे उत्पन्न नाहीसे होते. यास्तव छायाचित्रासोबत वनस्पतींची सूची व स्थानिकांच्या आठवणी नोंदविणे आवश्यक ठरते.