समोरची काच स्वच्छ, मगच गाडी पुढे

दिवाळी उलटली, धानाची कापणी झाली, की आपल्याकडे पहाटेचा गारठा सुरू होतो. चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना इथला उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पाराही १० अंशांच्या आसपास उतरतो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. गडचिरोलीकडे, जंगलाच्या आणि नदीच्या काठाला, तर थंडी आणखीच झोंबते. याच दिवसांत पहाटे गाडीत बसलं की समोरची काच बघता बघता पांढरी होते. ड्रायव्हर हाताने तिच्यावर एक गोल पुसतो आणि त्यातून डोकावत गाडी चालवतो. थोड्या वेळाने तो गोलही पांढरा होतो.

आज आम्ही याच काचेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गाडी काही आम्ही चालवत नाही, मग हे आम्हाला कशाला? पण पहाटेच्या गाडीत आपण बसतोच ना! आशाताई गरोदर बाईला घेऊन निघते, मास्तरीणबाई शाळेला निघतात, कोणी बाजाराला भाजी नेते, कोणी लेकीचं बाळंतपण करायला जाते. आणि आपला रस्ता कसा आहे? चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीला जायचं तर आधी जंगल लागतं, मग धानाच्या बांध्या, आणि शेवटी वैनगंगेचा पूल. वाटेत चितळ, रानडुक्कर, कधी वाघसुद्धा आडवा येतो. विनादिव्याची बैलगाडी असते, सायकलवाला असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. काच पुसण्यात तीन सेकंद गेले, तर गाडी ३३ मीटर न बघताच गेली!

आता हे पाणी काचेवर येतं कुठून, ते पाहू. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. भात शिजताना गंजावरचं झाकण उचललं की आतून थेंब गळतात. उन्हाळ्यात गडव्यात थंडगार पाणी भरलं की गडवा बाहेरून ओला होतो. गडवा झिरपत नसतो. हवेतली वाफ थंड भांड्याला लागून तिचं पाणी होतं. हवा गरम असेल तर ती जास्त वाफ पोटात ठेवते, गार झाली की कमी. २५ अंशांची एक घनमीटर हवा साधारण २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. तीच हवा १० अंशांवर आली तर जेमतेम ९ ग्रॅम धरते. उरलेलं पाणी मग थंड जागा शोधून तिच्यावर बसतं. गाडीत सगळ्यांत थंड जागा म्हणजे काच.

आणि गाडीत वाफ कोण सोडतं? आपणच. नुसता शांत बसलेला माणूससुद्धा श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. काळी-पिवळीत आठजणं बसली, तर दहा मिनिटांत ६० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत गेलं. जीपच्या आतली जागा साधारण ४ घनमीटर धरली, तर १० अंशांच्या थंडीत तेवढी हवा ४० ग्रॅमच्या आतच पाणी धरू शकते. म्हणजे खिडक्या बंद करून आठजणं बसली की दहा मिनिटांच्या आतच काच पांढरी होणार, यात नवल नाही. वरून ओली छत्री, दवाने भिजलेल्या चपला, भाजीचं ओलं पोतं. ताडोब्यातल्या उघड्या जिप्सीत मात्र काच आतून अशी धरत नाही. तिथे आपला श्वास वाऱ्यावर निघून जातो.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात येईल. काच पुसून पाणी जात नाही. ते आपल्या हाताला, फडक्याला लागतं, पुन्हा वाळून हवेत जातं आणि परत काचेवर येतं. पाणी गाडीबाहेर घालवलं तरच काच साफ राहते.

पण त्याआधी वाफ कोणत्या बाजूला आहे, ते ओळखायचं. काचेवरून आतून एक बोट फिरवा. रेघ स्वच्छ उमटली तर पाणी आत आहे. काही फरक पडला नाही तर ते बाहेर आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून बोट आधी, उपाय नंतर.

पाणी आत असेल आणि गाडीला एसी असेल, तर पाच गोष्टी करायच्या. पहिली, हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवायचा. त्या बटणावर पंख्यासारख्या पसरट काचेचं चित्र असतं आणि वर जाणारे नागमोडी बाण असतात. चौकोनी काचेचं चित्र असेल तर ते मागच्या काचेचं. दुसरी, पंखा मोठा करायचा. तिसरी, बाहेरची हवा आत घ्यायची. गाडीच्या चित्रात बाण आतल्या आत गोल फिरताना दिसतो, ते बटण बंद हवं. ते चालू असलं की आपलाच श्वास पुन्हा पुन्हा फिरत राहतो. चौथी, एसी लावायचा. थंडीत एसी ऐकून हसू येईल, पण एसी हवा गार करतो तशी कोरडीही करतो. उन्हाळ्यात एसीच्या गाडीखाली पाणी टपकताना दिसतं ना, ते हवेतूनच काढलेलं पाणी. पाचवी, तापमानाचं बटण गरमकडे फिरवायचं. मग काचेवर गरम आणि कोरडी हवा येते आणि वाफ हटू लागते. इंजिन तापेपर्यंत काही मिनिटं हीटर गरम होत नाही, तोवर एसीच काम करतो.

गाडी जुनी असेल, एसी नसेल, तरी अडत नाही. पुढच्या दोन्ही खिडक्या दोन-दोन बोटं खाली करायच्या आणि असेल तो पंखा काचेकडे वळवायचा. थंडी वाजेल, पण शाल आहे, स्वेटर आहे. काचेला स्वेटर घालता येत नाही!

आता पाणी बाहेर असेल तर? ते बहुतेक दव असतं. रात्री आभाळ निरभ्र असलं की उघड्यावरची काच भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दहिवर बसतं. ते वायपरने निघून जातं. गाडी आंब्याखाली किंवा मांडवात लावली तर दव कमी पडतं. काचेवर जुनी चादर किंवा पोतं टाकून ठेवलं, तरी सकाळचं काम वाचतं. काही जण घाईत काचेवर गरम पाणी ओततात. तसं कधीही करू नका. गार काचेवर एकदम गरम पाणी पडलं की ती तडकू शकते. पावसाळ्यात याच्या उलट होतं. एसीच्या गार झोताने काच थंड पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून बसते. तेव्हा वायपर फिरवायचा आणि गार झोत काचेवरून काढून घ्यायचा.

निम्मं काम आदल्या दिवशीचं असतं. आतून मळलेल्या काचेवर वाफ लवकर धरते, कारण धूळ, विडीचा धूर आणि हाताचं तेल यांवर थेंब पटकन बसतात. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याने अशी काच सगळी चमकते आणि काहीच दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात टाकून सुती कापडाने काच आतून पुसावी, मग कोरड्या कापडाने लख्ख करावी. साबणाचा अगदी पातळ, न दिसणारा थर राहिला तर पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरतं आणि आरपार दिसत राहतं. चष्म्यालाही हा उपाय चालतो. पायाखालची ओली चटई रोज बाहेर काढून उन्हात टाकावी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्यात गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यासाठी आणि बाळासह घरी सोडण्यासाठी मोफत गाडीची सोय आहे. त्यासाठी १०२ नंबर. तातडीच्या वेळी १०८. पण पहाटे कळा सुरू झाल्या की कधी गावातलीच जीप काढावी लागते. अशा वेळी काचेसाठी थांबायचं कसं? त्यासाठी कामं वाटून घ्यायची. एकीने बाळंतिणीचं गाठोडं बांधावं, एकाने गाडी उघड्यावर आणून सुरू करावी आणि काच साफ करायला घ्यावी. बाई गाडीत येऊन बसेपर्यंत काच तयार असते. बंद पडवीत किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. गाडीत शेगडीही कधी ठेवू नये. आणि सोबत गरजेपुरतीच माणसं घ्यावीत. सहाजणी चढल्या की सहाजणींचा श्वास काचेवर जातो.

परतीच्या वाटेवर बाळ असतं. बाळाला ऊब हवी आणि काचेला मोकळी हवा हवी. मग खिडक्या बंदच ठेवायच्या का? नाही. एसीच्या गाडीत वर सांगितलेल्या पाच गोष्टी केल्या की बाहेरची हवा गरम होऊनच आत येते, दोन्ही साधतं. फक्त हीटर तापल्यावरच बाळाला गाडीत आणावं. एसी नसेल तर बाळाला टोपी घालून, आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून, वरून नीट पांघरूण घालून मागच्या सीटवर बसवावं आणि पुढची खिडकी दोनच बोटं उघडावी. वारा त्यांच्यावर येणार नाही, एवढं बघावं.

एक लक्षात ठेवा. काच साफ असूनही बाहेर पांढरंच दिसत असेल, तर ते रस्त्यावरचं धुकं आहे. नदीच्या आणि बोडीच्या काठाला ते दाट असतं. ते पुसून जात नाही. तिथे वेग कमी करायचा आणि दिवा खालचा ठेवायचा. वरचा दिवा धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो.

शेवटी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली मेरी अँडरसन नावाची बाई न्यूयॉर्कच्या थंडीत ट्रॅममधून चालली होती. हिमकणांनी काच झाकली गेली होती आणि समोरचं दिसावं म्हणून चालक हैराण झाला होता. तिने ते बघितलं आणि आतून दांड्याने फिरवायचा वायपर शोधून काढला. १९०३ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. तिला त्यातून पैसा मिळाला नाही, पण आज गाड्यांना वायपर असतोच. ती गाडी चालवत नव्हती, मैत्रिणींनो. ती प्रवासी होती, आपल्यासारखी.

म्हणून गाडीत बसल्यावर काच पांढरी दिसली तर गप्प बसू नका. "दादा, काच साफ होऊ द्या, मग निघू," एवढंच म्हणा. तो कुरकुरला तर म्हणा, "घाई आम्हालाही आहे, पण पोचायचंही आहे." दोन-चार मिनिटं जातील. तेवढ्यात मागच्या सीटवरच्या मुलाचे कान झाका, शाल नीट घ्या, आणि काचेतून रस्ता दिसू लागला की निघा. काळजी घ्या. नमस्कार!